बांधाखालची घरं

दीना काम्मीसचा जन्म बांधाखालच्या घरातला. केप शहराच्या उत्तरेला, डोंगरातल्या मालर्ब मालकांच्या नाशपातीच्या बागेत तिची आई राबली, मग ती आणि तिचा धाकटा भाऊ जाफ्टा. बागेला पाणी देणारा मातीचा बांध घरांच्या डोक्यावरच होता. त्याच्या पोटातून बागेकडे जाणाऱ्या नळाच्या कडेला तो कायम ओला असायचा. सवयीने कुणी तिकडे पाहत नसे.

एकदा सरकारी तपासनीस बाई आली. बांध राहिला बाजूला, ती दीनाच्या दारात येऊन बसली.

"तानी दीना," मावशी म्हणावं तशी ती म्हणाली, "इथं कोण कोण राहतं?"

दीनाने कॉफी ओतली आणि तिन्ही घरांतली नावं सांगितली, तान्ह्या पोरांसकट.

"मालकांनी तर लिहून दिलंय, खाली कुणी नाही."

"मग आम्ही काय माकडं?" दीना म्हणाली.

बाई हसली नाही. बांध किती पक्का यावर त्याचा वर्ग ठरत नाही, तो फुटला तर किती माणसं मरतील यावर ठरतो, असं तिने समजावलं. 'कमी धोका' खोडून तिने 'जास्त धोका' लिहिलं. आता मालकांना इंजिनिअर आणून बांध दुरुस्त करावा लागणार होता.

मालक आठवड्याभरात आले. आवाज चढवला नाही.

"दीना, तुमच्याच जिवाची काळजी आहे. गावात घरं बघून देतो. सामानाला ट्रकही माझाच."

"त्यापेक्षा बांध दुरुस्त करा ना, मालक."

"त्यासाठी अर्धी बाग विकावी लागेल."

बाकीची दोन घरं गेली. एकटी राहून काय करणार म्हणून दीनाही गेली, गावाबाहेरच्या पत्र्याच्या वस्तीत. मागे राहिलेली घरं मालकांनी पाडली. खाली कुणी राहत नाही म्हटल्यावर बांध परत 'कमी धोक्या'त गेला. नळाची झडप सांभाळायला माणूस हवाच होता, म्हणून जाफ्टाला बांधाखालच्या पंपाच्या खोलीत खाट टाकून दिली. कागदावर खोली म्हणजे काही घर नव्हे.

तिकडे पाऊस हिवाळ्यातच पडतो; दुसऱ्या हिवाळ्यात तो थांबेचना. एका दुपारी जाफ्टाचा फोन आला.

"दीना, नळाशेजारून पाणी येतंय. गढूळ."

"निघ तिथून. आत्ताच्या आत्ता."

"मालक म्हणाले, आधी झडप पूर्ण उघड. उघडतो नि निघतो."

"जाफ्टा, ऐक माझं..."

"लगेच निघतो गं."

त्यानंतर फोन लागला नाही.

फुटलेल्या बांधाचं पाणी ओसरल्यावर तो शेजारच्या मळ्यात, उन्मळलेल्या झाडांखाली सापडला. ओळख पटवायला दीनालाच नेलं. तिने त्याच्या कानातला चिखल डोक्याच्या रुमालाने पुसला आणि हाच म्हणून सांगितलं.

चौकशीत मालकांचा वकील म्हणाला, "बांधाखाली रहिवासी नव्हते."

दीना उठली. "माझा भाऊ होता," ती म्हणाली. तिला खाली बसायला सांगितलं. ती बसली नाही. चौकशी करणाऱ्या साहेबांनी ते वाक्य लिहून घेईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

दंड झाला, तुरुंग कुणाला झाला नाही. बांध नव्याने, पक्का बांधला गेला. दीना आता दुसऱ्या मळ्यावर कांदे निवडते. बांधाजवळच्या रस्त्याने जाणाऱ्या मजुरांच्या ट्रकमध्ये ती बसत नाही, लांबच्या वाटेने चालत जाते.