अण्णांचं चार्जिंग स्टेशन

अण्णा गावाला कधी गाव म्हणत नसत. ‘सिटी’ म्हणत. धाराशिव जिल्ह्यातलं आमचं हे तालुक्याचं गाव. नळाला पाणी आलं की शेजाऱ्याला हाक मारून सांगायची इथली रीत. पण माझ्या फ्लेक्सच्या दुकानात मजकूर द्यायला आले की अण्णा काउंटरवर बोट आपटत. “गाव खोडा. सिटी लिहा. व्हिजन लागतं, मास्तर.” मी मास्तर नव्हतो. ज्याचं नाव लक्षात ठेवावंसं वाटत नसे, त्या प्रत्येकाला ते मास्तर म्हणत.

नगराध्यक्ष झाल्यावर ते पुण्याला जावयाकडे राहून आले आणि तिथं विजेच्या गाड्या चार्ज होताना बघून आले. झालं! नगर परिषदेच्या पैशातून भर चौकात चार्जिंग स्टेशन मंजूर झालं. भाजीवाल्या बायकांची सावलीची जागा त्यासाठी मोकळी केली. “आमी कुठं बसावं मग?” एकीनं विचारलं. “सिटीत कुणी खाली बसत नसतं, आक्का,” अण्णा म्हणाले.

विजेची गाडी मात्र गावात नव्हतीच. म्हणून त्यांनी सभेत जाहीर केलं, “जी बाई विजेची रिक्षा घेईल, तिला चार्जिंग फुकट!” आमच्या गल्लीतली सुमन भाड्याच्या रिक्षातून शाळेची मुलं ने-आण करायची. तिनं दारची म्हैस विकली आणि कर्ज काढून विजेची रिक्षा घेतली. पत्र्याच्या घरात ती चार्जिंगला लावली की गल्लीचा फ्यूज उडे. तिची सगळी भिस्त चौकातल्या स्टेशनवर होती.

उद्घाटनाला जिल्ह्याचे पुढारी आले. वीजजोडणीचा अर्ज अण्णांनी केलाच नव्हता. मग कनातीमागं डिझेलचा जनरेटर ठेवला. अण्णा ‘धूरमुक्त सिटी’वर बोलत होते आणि कनातीवरून काळा धूर स्टेजवर येत होता. पाहुणे खोकले. अण्णा हसून म्हणाले, “उदबत्त्या जरा जास्त झाल्या.” सुमनच्या रिक्षाला हार घातला, अण्णांनी तिच्याशेजारी उभं राहून वायर लावली, टाळ्या झाल्या. पाहुण्यांच्या मागोमाग जनरेटरही टेम्पोत बसून गेला. स्टेशनला लाईट त्यानंतर आलीच नाही.

सुमन विचारायला गेली की उत्तर ठरलेलं. “टेक्निकल अडचण आहे. दम धरा, ताई.” एका दुपारी अर्ध्याच चार्जिंगवर निघालेली, मुलांनी भरलेली रिक्षा उन्हात बंद पडली. आयांनी मुलं दुसऱ्या रिक्षात घातली. त्याच संध्याकाळी सुमननं चौकात, माझ्या दुकानासमोर, अण्णांना गाठलं.

“अण्णा, तुमच्या शब्दावर म्या म्हैस इकली. लाईट कवा येणार?”

अण्णांनी माझ्याकडं वळून विचारलं, “ही कोण बाई, मास्तर?”

दोघांचा एकत्र फोटो असलेला फ्लेक्स मीच छापला होता. तो त्यांच्या डोक्यावरच लटकत होता.

सुमननं बंद रिक्षा ढकलायला सुरुवात केली. मी दुकान तसंच टाकून मागून जोर लावला. ती थांबली ती थेट अण्णांच्या बंगल्याशी. अण्णांच्या पत्नी, वहिनी, अंगण झाडत होत्या.

“वहिनी, अण्णा फुकट चार्जिंग देतो म्हणले होते. चौकातल्या स्टेशनात लाईट न्हाय. तुमच्या दारात हाय.”

वहिनींनी झाडू भिंतीला टेकवला, फाटक उघडलं आणि वायर स्वतः ओढून पोर्चमधल्या बोर्डाला लावली.

तेवढ्यात अण्णांची गाडी आली. “हे काय लावलंय इथं? बंगल्याचा लूक जातो!”

“जाऊ द्या,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्या तोंडचं एक तरी खरं होऊ द्या.”

ड्रायव्हरनं मान खाली घातली. अण्णा उतरले, रिक्षाला वळसा घालून आत गेले. दुसऱ्या दिवशी सुमन रिक्षा घेऊन आली, तेव्हा फाटक उघडंच होतं.