नामूभाऊजींच्या लग्नाचं तेल

हसायचं तेवढं आत्ताच हसून घ्या, मग चहा गाळते. कारण ही फजिती माझी आहे, आणि ती मी स्वतः, चांगली घासाघीस करून, विकत आणलेली आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, सुटा किराणा नेणाऱ्या बायका मला बघवत नाहीत. पाव किलो तेल द्या, अर्धा किलो साखर द्या, आणि शेठ सांगेल तो भाव! विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, पिशवी उचलायची की चालू पडायचं. अशाच बायकांच्या जिवावर दुकानांवर दुसरे मजले चढतात. आमच्या शेजारची यमुनाकाकू त्यातलीच. तिला मी शंभरदा सांगितलं, "काकू, पहिला भाव हा भाव नसतो." तर म्हणते, "जाव दे गो सुमन, त्यालाबी पोरं हायेत." घ्या! शेठची पोरं पोसायची म्हणून हिनं तेल महाग घ्यायचं!

मी तशी नाही. आमच्या मुरबाडच्या बाजारात दोन भाव असतात. एक सुट्याचा, तो येड्यांसाठी. दुसरा कार्याचा. घरात लग्न निघालं की शेठ वेगळी यादी करतो, वर 'श्री' घालतो, पहिली हळद-कुंकू लिहितो आणि मग तेल, डाळ, साखर, सगळं उतरत्या भावानं देतो. वर एक नारळ आणि हळकुंडांची पुडी फुकट. आता मला सांगा, तेल तेच, डबा तोच, शेठ तोच. मग ज्यांच्या घरी लग्न नाही त्यांनी काय पाप केलंय?

मे महिना होता. पावसाळ्याची भरणी करायची होती. दुकानात लग्नवाल्यांची गर्दी, आणि माझ्या डोळ्यांदेखत एका बाईला तेलाचा डबा माझ्यापेक्षा कितीतरी स्वस्तात गेला. माझं डोकंच फिरलं.

"शेठ, आमच्याकडं पण कार्य हाय," मी म्हटलं.

शेठनं लगेच नवा कागद घेतला, 'श्री' काढला. "अरे वा! कोणाचं?"

आता आली का पंचाईत! पोरगा माझा नववीत. पोरगी अकरावीत. तिचं नाव घेतलं असतं तर शेठनं तेल राहू दे, पोलीस बोलावले असते. घरात बिनलग्नाचा एकच माणूस उरत होता.

"नामूभाऊजींचं," मी म्हटलं.

नामदेव म्हणजे माझे धाकटे दीर. वय शेहेचाळीस. एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामाला. पगार झाला की पाकीट माझ्या हातात, त्यातून मी देईन ते त्यांच्या चहापाण्याला. आमचं घर चालतं ते त्या पाकिटावर, शेतातल्या भातावर नाही. तरुणपणी एकदा "मला नाय करायचं लगीन" म्हणाले होते, आणि विषय तिथंच मिटला होता.

शेठचे डोळे पाणावले हो! "नामदेवचं? चांगलं केलंत वयनी. देवमाणूस आहे तो." आणि त्यानं डब्यामागं आणखी वीस रुपये सोडले.

दोन डबे तेल, दहा किलो डाळ, वीस किलो साखर! मी विजयी मुद्रेनं मागं वळले, तर मागं यमुनाकाकू. हातात तिची ती पाव किलो तेलाची बाटली, आणि तोंड हे एवढं उघडं.

मी डबे टमटममध्ये चढवेपर्यंत काकू एसटीनं गावात पोचली. तिला भाव करता येत नाही, पण बातमी पोचवण्यात तिचा हात कोण धरणार? मी दारात उतरले तर ओटीवर चार बायका बसलेल्या.

"गो, घरच्या घरात लगीन ठरवलास, आमाला सांगितलास पन नाय?"

"पोरगी कुठली?"

"हळदीला बोकड का कोंबडी?"

मी म्हटलं, "अजून बोलणी चाललीत." वाटलं, दोन दिवस बोलतील आणि गप्प बसतील. कसलं काय! दुसऱ्या दिवशी मांडववाला येऊन आमचं अंगण मोजून गेला. डीजेवाल्याचा फोन आला. शहापूरहून नणंदेचा फोन आला, ती तर रडतच होती. सख्ख्या भावाचं लग्न, आणि करवलीलाच पत्ता नाही! आणि आमचे हे दाढी करायला गेले ते अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आले.

"माज्या भावाचं लगीन, आनि मला न्हाव्याकडं कळतंय?"

मी खरं काय ते सांगितलं.

"तेलासाठी भावाला बोहल्यावर चढवलास?"

"दोन डबे होते," मी म्हटलं.

"तूच चढवलास ना? आता तूच उतरव. संध्याकाळी शिफ्टवरनं आला का सांग त्याला. आनि सुमन, त्याचं गावात हसू झालं तर मी तुला सोडनार नाय."

ते बरोबरच होतं हो. माझं हसू झालं असतं तर मी चार शिव्या घालून निभावून नेलं असतं. पण शेहेचाळिशीच्या माणसाचं खोटं लग्न गावभर करून ठेवायचं म्हणजे त्याला उद्या कंपनीत तोंड दाखवायला जागा नाही. मी दिवसभर मनात वाक्यं जुळवत बसले. 'भाऊजी, एक गंमत झाली…' असं सुरू करायचं ठरवलं.

संध्याकाळी भाऊजी आले. केस काळेभोर! कानामागं कलपाचा डाग. अंगात नवा शर्ट, घडीच्या रेघा तशाच. हातात पेढ्यांचा पुडा. आले आणि वाकून माझ्या पाया पडले.

"वयनी, तुमाला कसं कळलं? मी तर कुनाला बोललो पन नव्हतो."

'गंमत' राहिली बाजूला, मी पेढ्यांचा पुडा हातात घेतला.

"काय… कळलं?"

"परमिलाचं."

कोण प्रमिला? कुठली प्रमिला? मी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं, ते माझ्याकडं. भाऊजी आपले मान खाली घालून बोलत होते. धसईची आहे, नवरा जाऊन दहा वर्षं झाली, पोरबाळ नाही. तिची ना नव्हती, पण घरी विषय काढायचा कसा, वयनीला काय वाटेल, म्हणून तीन वर्षं गप्प बसले होते.

"तुमी स्वतःहून यादी केलीत, शेठनं सांगितलं तर मला खरंच वाटंना," म्हणाले, आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

खरं सांगू? माझ्या मनात पहिला विचार काय आला माहितीये? पाकीट! पगाराचं पाकीट आता त्या प्रमिलेच्या हातात जाणार. माणसानं किती हलकं असावं! मग आठवलं, 'लगीन नाय करायचं' ते कधी म्हणाले होते. अठ्ठावीस वर्षांचे होते, नणंदेचं लग्न तोंडावर होतं, घरात दाणा नव्हता. तेव्हा म्हणाले होते. त्यानंतर आम्ही परत कधी विचारलंच नाही. न विचारलेलाच बरा होता तो प्रश्न, तसाच आम्हाला परवडत होता. मेथीच्या जुडीसाठी मी तीनदा माघारी जाऊन भाव विचारणारी बाई, आणि दिराला अठरा वर्षांत एकदाही नाही. लाज वाटली मला, अगदी आतून वाटली.

"आमाला सगळं कळतं भाऊजी," मी म्हटलं, आणि पेढा तोंडात टाकला. दुसरं काय बोलणार?

आठवड्यानं आम्ही धसईला रीतसर बोलणी करायला गेलो. दार उघडलं आणि माझे पाय उंबऱ्यातच थांबले. ही तर भाजीवाली! दर बाजाराला जिच्याशी मी घासाघीस करते ती! वीसची जुडी मी हिच्याकडून पंधराला घेते. नाही दिली तर पाठ फिरवून सुकटवाल्यांपर्यंत जायचं, जरा वेळ काढायचा आणि माघारी यायचं, ही माझी ठरलेली चाल. तोपर्यंत दर बाजाराला पिशवी धरायला बरोबर आणलेले भाऊजी तिच्यापाशी उभे. म्हणजे बघा, ह्या दोघांना बोलायला वेळ कोणी दिला? मीच!

ती चहा द्यायला आली तेव्हा मी जरा ओशाळून म्हटलं, "परमिला, मी तुला भावात लय छळलं गो. मनात ठेवू नको."

ती हसली. "छे वो ताई. तुमी पुढं गेलात का हे मागं येऊन पाच रुपये देऊन जायचे ना. दर बाजाराला."

मी भाऊजींकडं बघितलं. ते छताकडं बघत होते. आमचे हे तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले.

तीन वर्षं! तीन वर्षं मी गावातल्या बायकांना अक्कल शिकवत होते, मेथी पंधराला कशी मिळवायची ते. आणि मिळत होती वीसलाच! वरचे पाच माझ्याच घरातून, मीच दिलेल्या चहापाण्यातून जात होते. यमुनाकाकू तरी बरी, निदान तिला कितीला पडलं ते तिला माहीत असतं.

लग्न झालं. हळदीला सगळं गाव जेवलं, दोन्ही डबे एका रात्रीत तळून संपले. आणखी चार लागणार म्हणून मी शेठकडं गेले होते. त्यानं कागद घेतला, चष्मा लावला आणि म्हणाला, "वयनी, नामदेवच्या कार्याचा भाव तर मागंच घेतलात की. एका नवरदेवाला एकदाच." चारही डबे सुट्याच्या भावानं आणले. मागं यमुनाकाकू उभी होतीच. म्हणते कशी, "जाव दे गो, त्यालाबी पोरं हायेत."

आता भाऊजी धसईलाच राहतात, पाकीटही तिकडंच. जाऊबाई अजून बाजारात बसते. परवा गेले होते. ती म्हणाली वीस. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पंधराला दे."

"घ्या की ताई पंधराला," ती म्हणाली. "वरचे पाच मी घरी ह्यांच्याकडून घेते."

मुकाट्यानं वीस काढून दिले. आणि पिशवी द्यायला सवयीनं मागं हात केला, तर मागं कोणीच नव्हतं.