चहाआधीची कॅप्सूल

किन्हवलीच्या अलीकडच्या ठाकरवाडीत चांगल्या सुनेचं उदाहरण द्यायचं झालं की रंजिताचं नाव ठरलेलं. सासरे चांगोबाबा सुपं-टोपल्या विणणारे. गुडघेदुखीच्या गोळ्यांनी त्यांच्या पोटात आग पडायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी रिकाम्या पोटी घ्यायची एक कॅप्सूल दिली. महिनाभरासाठी. पुढे गुडघ्याच्या गोळ्या सुटल्या, पण कॅप्सूल बंद करा असं सांगणार कोण? दुकानदार रिकामं पाकीट बघून नवं देई. नऊ वर्षं रोज चहाच्या आधी रंजिताने पाण्याचा पेला आणि कॅप्सूल बाबांच्या हातावर ठेवली. वाडीतली माणसं तिला नावाजत आणि तिला ते आवडायचंही, का आवडू नये?

यंदा होळीनंतर बाबांची बोटं दगा द्यायला लागली. बांबूची पट्टी ओढता ओढता आखडून बसत, कोयता हातातून सुटे. पोटऱ्यांत गोळे येत. कोणी म्हणालं वारं, कोणी म्हणालं वय. बाबा सोललेल्या पट्ट्यांकडे नुसते बघत बसायचे. हात गेले तर ह्या माणसाने जगायचं कशावर, ह्या विचाराने रंजिताला घास उतरेना.

शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, औषधं कोणती चालू आहेत? रंजिता म्हणाली, कसलीच नाय. घ्या! कॅप्सूल तिच्या लेखी औषध नव्हतीच मुळी. सकाळपासून काय काय पोटात जातं असं खोदून विचारलं, तेव्हा कॅप्सूलचं नाव निघालं. रक्त तपासलं, तर मॅग्नेशियम पार तळाला गेलेलं, त्यापायी कॅल्शियमही. बाई रागावल्या नाहीत. ही कॅप्सूल वर्षानुवर्षं घेतली की काहींचं मॅग्नेशियम असं उतरतं आणि मग हातपाय आखडतात, म्हणाल्या. ती थांबवून त्यांनी पोटासाठी दुसरं औषध दिलं, मॅग्नेशियम सुरू केलं आणि पुन्हा रक्त तपासायची तारीख लिहून दिली.

 घरी आल्यावर रंजिता चुलीपुढे रडली. आपण आपल्याच हाताने दिलं, हे तिच्या मनातून जाईना. ती गोळ्यांना हात लावेना, नवऱ्याला, हरेशला, द्यायला सांगे. बाबा हे बघत होते.

तीन आठवड्यांनी बोटं सैल झाली. बाबांनी आधी सूप विणायला घेतलं नाही, झाकणाची एक छोटी टोपली विणली. तिच्यात गोळ्या ठेवल्या, वर बाईंचा कागद, आणि ती रंजितापुढे सरकवली.

"हरेश दोनदा इसरला. तूच देत जा गो. आता कागद वाचून दे."

रंजिताने कागद उघडला, तारीख वाचली आणि पाण्याचा पेला भरला.