लोखंडावरून परतलेला छर्रा

छर्‍याची बंदूक रोखताना उंदराच्या मागे काय आहे, ते तुम्ही बघता का? खरं सांगा. ठिणगीने बघितलं होतं, आणि तिथेच घात झाला.

ठिणगी म्हणजे गल्लीच्या तोंडाशी वेल्डिंगचं दुकान असलेला गडी. हातभर भाजल्याचे डाग, आवाज कायम चढा, बायकोपुढे मात्र गोगलगाय. परसात त्यांचं कोंबड्यांचं खुराडं. उंदीर पिल्लं पळवायला लागले, पिंजर्‍याला जुमानेनात, तेव्हा याने बंदूक आणली. छर्रा शेजार्‍यांकडे जाऊ नये म्हणून खुराड्याशेजारी जाड लोखंडी प्लेट उभी केली. लोखंडावर त्याचा जेवढा भरवसा, तेवढा सख्ख्या भावावरही नव्हता. बायको घरी शिवणकाम करते, लोकांच्या कपड्यांना काज-बटणं करून देते. ती म्हणालीही, "नेमबाज, आधी सुईत दोरा ओवून दाखवा."

संध्याकाळी प्लेटीपुढे उंदीर आला. ठिणगीने चाप ओढला. उंदीर सटकला, प्लेट टण्णकन वाजली, आणि मागे दारात उभी असलेली बायको मटकन खाली बसली. तोंडावर हात, बोटांतून रक्त.

ठिणगी बंदूक टाकून धावला. लालबुंद लोखंडाला न भिणारा हात तिचा हात बाजूला करायला धजेना. खाली डोळाच नसला तर? शेवटी तीच म्हणाली, "अहो, बघा तरी. मला दिसत नाहीये."

ते ऐकून त्याने शेजार्‍याला हाक मारली. शेजार्‍याच्या गाडीतून दवाखान्यात जाईपर्यंत तो तिच्या कपाळावर रुमाल दाबून बसला होता, पण नजर खिडकीबाहेर. डॉक्टरीणबाईंनी रक्त धुतलं. छर्रा भुवईच्या हाडाशी अडकला होता. डोळ्यात नुसतं रक्त ओघळलं होतं, डोळा शाबूत. मग त्यांनी ठिणगीची बिनपाण्याने केली. कठीण लोखंडावरून छर्रा उलटा येतो, हे लोखंडात जन्म काढलेल्याला कळू नये? हा चढ्या आवाजाचा गडी खाली मान घालून ऐकत राहिला.

प्लेट त्याने दुसर्‍याच दिवशी कापली. आजही ती सुईत दोरा ओवायला बसली की हा हातातलं काम टाकतो. दोरा पलीकडून निघेपर्यंत त्याला श्वास घेववत नाही.

तुमच्या परसातही अशी प्लेट उभी असेल, तर वाचणं इथेच थांबवा. उठा, ती काढा. पाठीमागे मऊ मातीचा ढीग घाला, आणि बंदुकीला हात लावण्याआधी घरच्यांना आत पाठवून दार लावून घ्या.