नलूच्या गोळीचा टोल

घरात आजारपण शिरलं की एकीकडे औषधाच्या बाटल्या साठतात, दुसरीकडे किस्से. बाटल्या रिकाम्या होतात, किस्से कसले होतायत!

अठ्ठ्याहत्तरच्या आसपास मी विंझरला मास्तर होतो. शाळेसमोरच्या रामूदादाची नऊ वर्षांची नलू मुंबईहून नवं मूत्रपिंड घेऊन घरी आली. दिलं होतं तिच्या आईनं, पारूवहिनींनी. डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा महिने परक्या माणसानं जवळ जायचं नाही आणि सकाळ-संध्याकाळची आठची गोळी चुकवायची नाही. चुकली तर आईनं दिलेलंही जाईल आणि पोरगीही.

*

नलूची मूत्रपिंडं ज्यानं गेली, तो आजार म्हणे लाखात एखाद्यालाच होतो. नलूच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, त्यातलं तेवढंच उचललं. एसटीत बसले की सुरू, "येल्हं न् भोर, दोनी तालुक्यांत दुसऱ्या कुनाला झाला आसंल तर दावा!"

शेजारचा बिचारा साध्या खोकल्याचा पेशंट. तो वरमून खिडकीबाहेर बघत बसला!

*

आमच्याकडे समाचाराला न जाणं म्हणजे वैर धरणं. म्हणून रामूदादानं ओसरीला आडवा दोर बांधला, पाटी लावली. तरी सरपंच दोराखालून वाकून आत!

"आवो, पाटी वाचा की!" दादा ओरडला.

"वाचली. 'लोकांनी आत येऊ नये.' आमी सरपंच हाय!"

पारूवहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "माझ्याकडं आता येकच उरलंय. तुमच्यापायी पोरीचं बिघडलं, तर तुमचं काढायचं का?"

सरपंच आले तसे दोराखालून गेले.

*

कामथडीच्या आत्याबाई दोराबाहेरून म्हणाल्या, "आईचं आत बसवलंय, म्हंजी सभाव बी आईचाच येनार गं बाई!"

"आलाय की!" आबा म्हणाले. "काल मला म्हनली, हात धुवा, न्हाईतर तितंच बसा!"

*

गोळीच्या वेळेची पंचाईत वेगळीच. दादाचं गजराचं घड्याळ पालथं ठेवलं तरच चालायचं, आणि पालथं ठेवलं की वेळ दिसायची नाही! शेवटी माझ्या मनगटी घड्याळावर दोन्ही वेळा शाळेचा टोल द्यायचं ठरलं.

पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली, "गुर्जी, रातच्याला बी शाळा हाय व्हय?" दुसऱ्यात लोक टोलावर जेवायला बसू लागले. तिसऱ्यात मला दोन मिनिटं उशीर झाला, तर सरपंचांनी माणूस धाडला, "पोरीच्या गोळीचं काय? आन् आमच्या चहाचं?"

*

एका रविवारी पहाटेच्या गाडीनं बायकोला नसरापूरला सोडायला गेलो. आठच्या आत परतायचं होतं. येताना एसटी गावाच्या अलीकडे मैलभर बंद पडली. आठला पाच कमी! घड्याळ माझ्या हातात, शाळेची किल्ली माझ्या खिशात. जिवाच्या आकांतानं पळत सुटलो.

अर्ध्या वाटेत गावातून ताट वाजल्याचा आवाज आला. मग देवळातली घंटा. मग कुणी पत्रा बडवला, कुणी नांगराचा फाळ. ज्याच्या अंदाजानं जेव्हा आठ वाजले, तेव्हा त्यानं ठोकलं!

धापा टाकत पोचलो. अख्खं गाव दोराबाहेर उभं होतं. पुढे सरपंच, हातात ताट आणि पळी. दोर कुणीही ओलांडला नव्हता.

नलू रिकामा पेला धरून दारात उभी होती. मला बघून म्हणाली, "गुर्जी, पयल्या टोलाला गोळी घेतली म्या. बाकीच्या टोलांचं काय करू?"