चढतोय हो, आवरून घ्या

भुताखेतांवर आपला कधीच विश्वास नव्हता, असं भुतांच्या अनुभवांच्या ह्या सदरात लिहिणारे सगळेच आधी सांगून टाकतात. मीही सांगतो, पण माझं कारण जरा निराळं आहे. परभणी जिल्ह्यातल्या बऱ्याच झाडांवरची भुतं म्हणजे मीच होतो.

माझा धंदा झाडं छाटण्याचा. भर दुपारी दाट झाडावर बसलेला माणूस खालून कुणाला दिसत नाही, आणि खालून एखादा तालेवार पाटील मान ताठ करून चालला की मला राहवत नसे. तरुणपणी मी गावच्या जत्रेतल्या नाटकांत बायकांचे पार्ट करायचो. आवाज काढण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. ताडकळसच्या बाजारवाटेवरच्या चिंचेवर हडळ आहे असं लोक अजून सांगतात... तिला मिशा आहेत हे फक्त मला माहीत.

तर अशा माणसाची ही हकीकत आहे. ऐका.

आधी धंदा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी लाकूडतोड्या नव्हे. लाकूडतोड्या झाड पाडतो. मी झाड ठेवतो आणि त्याला जड झालेलं तेवढं उतरवतो — घराच्या मातीच्या माळवदावर रेललेली फांदी, आडात पाला टाकणारी फांदी, कीड लागलेली फांदी. कापलेल्या जागेवर शेणामातीचा लेप लावतो. निम्मा धंदा झाडावर आणि निम्मा कचेरीत. निजामाचं राज्य होतं. झाड रस्त्याच्या कडेचं असलं की ते सरकारचं. त्याची फांदी उतरवायची तर तहसिलीत दरख्वास्त द्यायची, उर्दूत, कारणासकट. मग गिरदावर, म्हणजे महसुलाचा तपासनीस, येऊन मान वर करून बघणार, पंचनामा होणार, आणि देवाच्या मनात असलं तर इजाजतनामा मिळणार. आता त्याला परमिट म्हणतात.

आणि एक रूल कुठल्याच कागदावर नव्हता, पण तो मोडला तर गावात पुन्हा काम मिळत नसे. झाडावरून आजूबाजूची सगळी अंगणं दिसतात. कुणी न्हात असतं, कुणी पडद्यातलं असतं. म्हणून झाडाला हात लावण्याआधी मोठ्यानं ओरडायचं — "झाडावर माणूस चढतोय होऽ... आवरून घ्या..." मग एकेका भिंतीमागून जबाब येतात. कुणी म्हणतं चढ, कुणी म्हणतं मेल्या, आजच सापडला का. जिथून "थांबा" येईल, तिथलं आवरेपर्यंत खाली बिडी ओढत बसायचं.

सेलूला स्टेशनाकडून कापसाच्या बाजाराकडे जाताना एक बोळ लागतो. बोळात एक जुना लिंब आहे, म्हणजे कडुलिंब, आणि लिंबाला खेटून विनायकरावांच्या घराची मागची भिंत. विनायकराव तहसिलीत नकलनवीस होते, म्हणजे दिवसभर उर्दू कागदांच्या नकला काढायच्या. लिंबाची एक फांदी त्यांच्या माळवदावर टेकली होती. परमिट त्यांनीच लिहून, त्यांनीच फिरवून, मंजूर करून माझ्या हातात दिलं. घराचा दरवाजा पलीकडच्या गल्लीत. मला बोळातूनच चढायचं होतं, त्यामुळं दारावर कुलूप आहे की तोरण आहे, हे मी पाहिलंच नाही.

सकाळचं कोवळं ऊन होतं. दोर खांद्यावर, कुऱ्हाड कमरेला. मी ओरडलो.

समोरच्या घरातून खालाबीचा जबाब आला. खालाबी म्हणजे त्या बोळाची मालकीणच म्हणा ना. दिवसभर लिंबाच्या सावलीत बाज टाकून सुपारी कातरत बसायची. "चढ रे चढ. मैं बुढ्ढी, मेरेकू देख के क्या करता?"

आणि विनायकरावांच्या भिंतीमागून एक बाई म्हणाली, "थांबा भाऊ. केस वाळून राह्यले."

आवाज थोडा जाडसर, बसल्यासारखा, आणि तळाशी हसू. जसं बोलणारीनं डोकं एका बाजूला कलतं केलंय आणि केसांतून बोटं फिरवतेय. मी बसलो. बिडी संपली. "झालं का ताई?" विचारलं, जबाब नाही. पुन्हा ओरडलो, गप्प. गप्प म्हणजे होकार. चढलो.

वरून अंगण दिसलं. पाल्याचा खच पडला होता. आडाच्या रहाटाला दोर नव्हता. मला वाटलं, घरधनीण आळशी दिसते. फांदी काढली आणि संध्याकाळी कचेरीत गेलो, परमिटावर काम झाल्याचा शेरा मारून घ्यायला.

"विनायकराव," मी म्हणालो, "तुमच्या घरच्यांनी लय वेळ बसवून ठेवलं बघा. केस वाळेस्तोवर."

त्यांचा टाक थांबला. "कुणी?"

"तुमच्या घरात कोण असतं ते मला काय माहीत? बाईमाणूस होतं."

"घराला कुलूप आहे, रंगनाथराव. बायको जाऊन दुसरं वर्स चालू आहे. मी हितं कचेरीमागं खोली घेऊन राहायलोय." मग त्यांनी हळूच विचारलं, "नेमकं काय म्हणाली?"

मी सांगितलं. शब्दाला शब्द. विनायकरावांनी टाक दौतीत ठेवायचा तो कागदावरच ठेवला, शाई पसरली, तरी ते बघत राहिले.

"वाळून राह्यले," ते म्हणाले. "ती वऱ्हाडातली. आमच्या बोळातल्या बायका तिच्या बोलण्याला हसायच्या. तीपण हसायची."

मला वाटलं, आता मांत्रिक बघा म्हणतील. त्यांनी मला व्हरांड्यात नेलं.

"ती तापानं गेली तेव्हा मी साहेबांबरोबर दौऱ्यावर होतो," ते म्हणाले. "ते असू द्या. मला तिचा आवाज आठवत नाही. चेहरा आठवतो. पातळाच्या घडीवरून हात कसा फिरवायची, ते आठवतं. काय काय बोलायची तेही आठवतं. पण माझ्या डोक्यात ती माझ्याच आवाजात बोलती. लय प्रयत्न केला. आवाज येतच नाही."

मग त्यांनी माझा हात धरला. "तुमी आवाज काढता म्हणे. काढून दाखवा."

वाचकहो, मी एकदा पडद्याआडून तहसीलदाराचा आवाज काढला, तर त्यांचाच खानसामा चहा घेऊन आला होता. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "थांबा भाऊ..."

"नाही. एवढा गोड नव्हता."

जरा जाड केला.

"ही तर तमाशातली बाई झाली."

पुन्हा. पुन्हा. माझ्या कानात तो आवाज स्वच्छ होता आणि तोंडातून निघत नव्हता. जन्मात पहिल्यांदा. "मला अजून एकदा ऐकावं लागेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या हातानं बोळात गेलो आणि ओरडलो. फक्त खालाबी बोलली, "आज क्या है रे? कुल्हाडी किधर है तेरी?" त्या दिवशी एक गोष्ट कळली. दोर खांद्यावर हवा, कुऱ्हाड कमरेला हवी, आणि खरोखरच चढायचं असायला हवं. खोटं तिला चालत नव्हतं.

म्हणजे दर वेळी फांदी. दर फांदीला परमिट. आणि परमिटाला कारण.

विनायकरावांनी काय काय कारणं लिहिली म्हणून सांगू. पाल्यानं आड भरतो. माकडं माळवदावर उतरतात. सावलीमुळं भिंत ओली राहते. एका दरख्वास्तीत तर त्यांनी लिहिलं की कावळ्यांच्या कलकलाटामुळं अर्जदारास घरी बसून सरकारी काम करता येत नाही... आणि अर्जदार त्या घरात राहतसुद्धा नव्हता. कचेरीतले अहलकार, म्हणजे वरचे कारकून, एकदा अर्ज बघून म्हणाले, "कायकू पीछे पडे उस झाड के, मुंशीसाब? पुरानी दुश्मनी है क्या?"

"नहीं साहब," विनायकराव म्हणाले, "जान-पहचान है."

ती दर वेळी बोलली. कधी, "दम धरा भाऊ, कुरड्या टाकून राह्यली." कधी, "आडावर हाओ मी, जरा थांबा." एवढंच. मी काही विचारलं की गप्प. विनायकराव माझ्या शेजारी भिंतीला कान लावून उभे असायचे. त्यांना काही ऐकू येत नसे. एकदा तर ते कुलूप काढून आत अंगणातच जाऊन बसले. मी बाहेरून ओरडलो, ती बोलली, आणि मी भिंतीवरून डोकावलो तर विनायकराव पाल्यात मांडी घालून माझ्याचकडे बघत होते. "बोलली का?" मी मान हलवली. "आत्ता?" मी पुन्हा मान हलवली. ते कोपऱ्याकोपऱ्यात बघत राहिले, हरवलेली वस्तू शोधावी तसे.

नंतर आम्ही दोघं कचेरीच्या व्हरांड्यात बसायचो आणि मी आवाज काढायचो. "नाही," ते म्हणायचे. "जवळ आला होता... नाही. गेला." माझं तोंड दुखायचं. त्यांचे डोळे बघवत नसत.

इकडे लिंबाचं खराट्यासारखं झालं. खालाबीची बाज उन्हात आली. तिनं एक दिवस आम्हाला दोघांनाही उभं केलं. "मार डालते क्या रे झाड कू? मेरी छाँव किसने खाई?" विनायकराव कुलूप काढून घरात गेले. त्यांनी आतून चटई आणून तिच्या दारावर बांधून दिली.

शेवटी माथ्याची एकच मोठी फांदी राहिली. तिचंही परमिट आलं. मी दोर खाली ठेवला आणि स्पष्ट सांगितलं, "विनायकराव, ही काढली तर उन्हाळ्यात झाड वाळून जाईल. आणि झाडच नसलं तर मी चढणार कशावर? म्हणजे ह्यानंतर ती बोलणार नाही. आणि मला तर अजून तो आवाज साधलेला नाही."

विनायकरावांनी वर त्या फांदीकडे बघितलं. मग त्यांनी शेरवानी काढली, घडी घातली, खालाबीच्या बाजेवर ठेवली. धोतराचा काचा मारला.

"दोर बांधा."

"कशाला?"

"मला. मीच चढतो."

"तुमी? झाडावर?"

"लहानपणी पेरूवर चढायचो."

"पेरू तुमच्या कमरेएवढा असंल, विनायकराव."

"बांधा म्हणतो ना."

नकलनविसाच्या पोटाला दोर बांधणं सोपं नाही, एवढंच सांगतो. बांधला. एक पाय खोडाच्या गाठीवर ठेवून दिला. दोन्ही हात खोडाला, गाल सालीला. मग ते ओरडले. समन्स वाचावं तसा आवाज लावला होता, पण अर्ध्यात तो फाटला.

"झाडावर... माणूस चढतोय हो... आवरून घ्या."

"या अल्ला, अब ये भी?" खालाबी म्हणाली.

मी ऐकत होतो. शपथेवर सांगतो, भिंतीमागून काहीएक आलं नाही. एक कावळा ओरडला. दूर जिनिंगचा भोंगा झाला. माझ्या कानांनी त्या बोळात तिला इतक्यांदा ऐकलं होतं, की ती बोलली असती तर माझ्याकडून सुटली नसती.

विनायकराव तसेच खोडाला धरून उभे. मग त्यांचा गाठीवरचा पाय हळूहळू खाली आला. ते दोराची गाठ सोडायला लागले. त्यांना सुटेना. मी सोडली.

"काय झालं? चढत नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काहाले चढून राह्यले तुमी? पडान ना."

थोडा जाडसर, बसल्यासारखा, तळाशी हसू. भिंतीमागून मी जो आवाज ऐकत आलो होतो, तो त्या मिशीवाल्या माणसाच्या तोंडातून येत होता. ते आवाज काढत नव्हते, ते त्यांना येतच नाही. तहसीलदार बोलतात कसे एवढं सांगा म्हटलं तरी ते स्वतःसारखंच बोलतात. ते फक्त मला सांगत होते, ती काय म्हणाली ते. मग अजून एकदा तेच म्हणाले, अगदी हळू. ते मला नव्हतं.

बाजेवरची शेरवानी उचलून ते पुढच्या दारानं घरात गेले. ती फांदी आजही तिथंच आहे. पुढच्या साली खालाबी पुन्हा सावलीत बसली.

मग त्या दिवशी झालं काय? ती बोलली, फक्त त्यांना? की आवाज त्यांच्याच आत कुठंतरी होता आणि चढायच्या भीतीनं वर आला? पण मग मला भिंतीमागून कोण थांबवत होतं? मी पुष्कळ डोकं खाजवलं. त्यानंतर त्या लिंबाखाली कितीदा दोर घेऊन, कुऱ्हाड घेऊन, अगदी मनापासून ओरडलो. मला कुणी थांबा म्हणालं नाही. निजाम गेला, कचेरीचं उर्दू गेलं, कारणं लिहिणारे विनायकराव पेन्शनीत निघाले. माझ्याकडे अजून कारण नाही.

आणि आता एक गंमत झालीय. तो आवाज मला आठवेनासा झालाय. शब्द सगळे आहेत, पण आठवायला गेलो की ती माझ्या आवाजात बोलते. विनायकराव अजून त्याच घरात असतात. सेलूला गेलो की त्यांच्याकडे चहा होतो, आणि दर वेळी माझ्या ओठांवर येतं, की एकदा... फक्त एकदा म्हणून दाखवा. पण दुसऱ्याच्या बायकोचा आवाज मागायचा कोणत्या तोंडानं? मी चहा पितो आणि झाडांबद्दल बोलतो.