दुधाचे दात आणि भडकू फुई

भडकू फुईला हळू बोलता येत नव्हतं. कानात सांगायची गोष्टही ती अशी सांगायची, की पलीकडच्या गल्लीतली बाई दारातून उत्तर द्यायची. जन्म मेंढरांमागं माळावर गेलेला. वाऱ्याच्या वर आवाज काढायची सवय घरात आल्यावरही सुटली नाही. पण गाव तिला भडकू म्हणायचं ते आवाजावरून नाही. तिला राग यायचा, आणि आलेला राग ती उद्यासाठी ठेवत नसे. कंडक्टर असो, सरपंच असो, नाहीतर देव्हाऱ्यातला देव असो, ज्याचं त्याला तिथंच मिळायचं. ताडकळसच्या बाजारात ती शिरली की भाजीवाले तराजूची दांडी आपसूक सरळ धरायचे.

ती माझ्या सासऱ्यांची बहीण. नवरा लवकर गेला, म्हणून भावाच्या अंगणातच एका खोलीत राहायची. सोबत एक मुलगा, थोडी मेंढरं आणि एक खोडकर शेळी. मी चारठाण्याची. आमच्या माहेरी मोठ्यानं बोलणं म्हणजे बेअदबी. लग्न होऊन आले त्या आठवड्यात फुई मला म्हणाली, "सूनबाई, तोंड हाय का नुसते डोळेच देलेत देवानं?" मी हसून खाली पाहिलं. पुढं कितीतरी दिवस ती अंगणात दिसली की मी परसदारानं जायची.

माझी अनू आठव्या महिन्यातच झाली. काचेच्या पेटीत ठेवली होती, तिथून जिवंत हातात आली हेच आम्हाला पुष्कळ होतं. मग दात आले. आले तेच पिवळट, खडबडीत, बारीक बारीक खड्डे पडलेले. मागच्या दाढा आल्या त्या तपकिरी, आणि पोर भाकरी चावायला लागली तशा ओल्या खडूसारख्या झडायला लागल्या. गार पाणी लागलं की अनू गालावर हात दाबून धरायची. मी सकाळ-संध्याकाळ तिचं डोकं मांडीवर घेऊन मऊ ब्रशनं दात घासायची. ती रडायची, मीही रडायची, पण घासणं एकदाही चुकवलं नाही.

आणि लोक! लग्नात, एस्टीत, अंगणवाडीच्या दारात, जिथं जावं तिथं तेच. अनू हसली की समोरच्या बाईची नजर आधी तिच्या दातांवर आणि मग माझ्यावर. "माय दात घासत न्हाई वाटतं." "चाकलेट देऊन गप करत असंल." "आजकालच्या पोरी, मोबाईलमधून डोकं वर काढतील तवा ना!" तिच्या बापाला कुणी एकदाही विचारलं नाही. लेकराचं तोंड दोघांनी जन्माला घातलेलं, पण त्यातला दोष एकट्या आईचा. सासूबाई तर पाहुण्यांसमोर ठासून सांगायच्या, "आमच्या घराण्यात कुणाचे असे दात न्हाईत बाई." म्हणजे उरलं कुणाचं घराणं, ते ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. मला तेव्हा जो राग यायचा तो मी गिळायची. गिळलेला राग पोटात जिरतो असं म्हणतात. खोटं आहे ते.

फुईशी माझं जमलं ते भांडणातून. एका दुपारी अनूची दाढ ठणकत होती. फुई ओट्यावर मिश्री लावत बसली होती. तिनं पोरीला जवळ ओढलं आणि मिश्रीचं बोट सरळ तिच्या दाढेवर टेकवलं. "ठणका मरतो ह्यानं," म्हणाली. मी आतून धावत आले, अनूला हिसकावलं आणि ओरडले, "तंबाखू लावता का लेकराला? अक्कल आहे का तुम्हाला? पुन्हा तिच्या तोंडाला हात लावला तर बघा!" सासूबाई दारात थिजल्या. फुईला असं कुणी कधी बोललं नव्हतं. तिनं बोट पदराला पुसलं, माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं. मला वाटलं व्हतं तुला तोंडच न्हाई." त्यानंतर अनूसमोर तिनं मिश्रीची डबी काढली नाही. आणि त्या दिवसापासून अनूच्या दातांवर कुणी बोललं, की उत्तर द्यायचं काम फुईनं आपल्याकडं घेतलं.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "जो न इचारता शानपन शिकवायलाय, त्याच्या घरात आधी जाऊन बघावं." एकदा चारठाण्याला जाताना आम्ही देवगाव फाट्यावर गाडीची वाट पाहत होतो. शेजारी उभ्या असलेल्या एका सुशिक्षित बाईनं अनूला चॉकलेट पुढं केलं, तिचे दात पाहिले आणि हात मागं घेतला. मग मला ऐकवायला लागली. स्वच्छता, संस्कार, आईची जबाबदारी. फुई जरा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाई, तुमच्या डोळ्याला चश्मा हाय. तुमच्या मायनं डोळे धुतले न्हाईत का लहानपणी?" फाट्यावरची माणसं हसली. मला मात्र हसू आलं नाही. इतकं साधं उत्तर आपल्याला का सुचलं नाही म्हणून मी गाडीत बसेपर्यंत चरफडत होते.

आमच्यात खरी गाठ बसली ती अनू चार वर्षांची असताना. आदल्या संध्याकाळपासून दाढ दुखत होती. सकाळी उठली तर गाल सुजलेला, दुपारी सूज डोळ्याखाली चढली. अंगात ताप. मी म्हटलं, परभणीला न्यायला पाहिजे. सासरे म्हणाले, "दुधाचेच तर दात हायत. पडनारच हायत. लवंग धरा, उद्या बघू." सासूबाईंनी मान डोलावली. दुधाचेच दात! हे शब्द मी इतक्या तोंडांतून ऐकले होते, की अजून कानावर पडले तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पडणारे आहेत म्हणून ते दुखत नाहीत का? त्यांच्या मुळाशी पू होत नाही का? पडेपर्यंत पोरीनं जेवायचं कशानं?

त्या दिवशी बाजार होता आणि आमचे हे बैलाची वेसण आणायला गेलेले. फोन उचलत नव्हते. फुई मेंढरं घेऊन आली, अनूचा गाल पाहिला, आणि काठी तिथंच टाकून बाजाराकडं निघाली. पुढचं मला लोकांनी सांगितलं. भर बाजारात, चहाच्या गाड्यासमोर उभी राहून ती ओरडली, "दत्त्या! तिकडं लेकराचा डोळा बंद व्हायलाय अन् तू हितं चहा प्यायलास? बाप हायस का गिऱ्हाईक?" हे म्हणाले, "फुई, हळू बोल, लोक बघायलेत." त्यावर ती म्हणाली, "बघू दे की! तुला न्हाई तर त्यांना तरी लाज वाटू दे!" कुणीतरी आपली जीप काढली. हे घरी आले तेव्हा फुई पुढच्या सीटवर आधीच बसली होती.

पहिल्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी अनूचं तोंड उघडलं आणि माझ्याकडं न पाहताच म्हणाले, "आईचं अजिबात लक्ष नाही. रात्री बाटली, दिवसा गोड. आता रडून काय उपयोग?" मी सांगायला गेले की ही बाटलीनं कधी प्यालीच नाही. त्यांनी हातानं गप केलं. मग फुई उठली. "डाक्टर," ती म्हणाली, "ही पोरगी दोन येळा दात घासती लेकराचे. मी ह्या डोळ्यांनी बघायले. तुमाला कळत नसंल तर कळत न्हाई म्हना, अन् ज्याला कळतं त्याचं नाव सांगा. तिला बोलायचं काम न्हाई." बाहेर बसलेले पेशंट आत डोकावायला लागले. डॉक्टर लाल झाले. पण सूज उतरायचं औषध लिहून दिलं आणि लहान मुलांचे दात बघणाऱ्या एका मोठ्या दवाखान्याचं नावही दिलं.

औषधानं ताप उतरला आणि आम्ही तिथं गेलो. फुई होतीच. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी अनूशी गप्पा मारल्या, मग तोंड पाहिलं, आणि मला पहिलाच प्रश्न विचारला, "दिवस भरायच्या आधी झाली का ही?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "दातावरचं वरचं कवच जन्माच्या आगेमागे तयार होत असतं. हिचं ते नीट तयारच झालं नाही. त्यामुळं असे दात लवकर किडतात, झडतात. तुम्ही घासत राहिलात म्हणून एवढे तरी राहिलेत." हे शेजारी मान खाली घालून बसले होते. फुई त्यांना ढोसत म्हणाली, "ऐकलंस? पुन्हा ऐक. डाक्टरबाई, ह्याला पुन्हा एकदा सांगा." आणि त्या भल्या बाईंनी खरोखर पुन्हा सांगितलं.

पोरीला भूल देऊन एक दाढ काढली, बाकीच्यांवर स्टीलच्या टोप्या बसवल्या. परत येताना अनू माझ्या मांडीवर झोपली होती. फुई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "माझी एक लेक व्हती, आमच्या पोराच्या आधी. ताप आला. उद्या नेऊ म्हनले. मी नवी सून, गुमान बसले." हेही तिनं नेहमीच्याच आवाजात सांगितलं. अर्ध्या बसनं ऐकलं.

त्या हिवाळ्यात अनूनं पहिल्यांदा हुरडा खाल्ला. चावून, पोटभर. फुई समोर बसून कणसं चोळून देत होती आणि जो येईल त्याला पोरीचं तोंड उघडून चांदीसारख्या दाढा दाखवत होती, जणू तिनंच घडवून आणल्या होत्या. एका अर्थी तिनंच आणल्या.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही अनूला तपासायला त्याच दवाखान्यात घेऊन गेलो होतो. फुई या वेळी आली नाही, शेळी व्यायला झाली होती. आमच्या मागं तिच्या छातीत कळ आली. मुलानं सोडा पाजला. "गॅस असंल," म्हणाला. सासरे म्हणाले, ऊन उतरू दे, मग नेऊ. ऊन उतरायच्या आत ती गेली. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात तिरडी बांधून तयार होती.

मला अजून त्या दुपारचा राग येतो. घरात तीन धडधाकट माणसं होती. दारात मोटारसायकल होती. ती सगळ्या गावासाठी ओरडली आणि तिच्यासाठी ओरडायला त्या अंगणात एकही तोंड नव्हतं. लोक म्हणाले, भाग्याची बाई, हाल न होता गेली. मी म्हणते, तिला नेलं नाही म्हणून ती गेली. हे मी सासऱ्यांना तोंडावर सांगितलं.

तेराव्याला पाहुणे आले. माजघरात बायका बसल्या होत्या. पूर्णेकडच्या एका म्हाताऱ्या पाहुणीनं अनूला जवळ बोलावलं, तिची हनुवटी धरून तोंड पाहिलं आणि सुस्कारा सोडला, "अगं माय, काय दात हे पोरीचे! माय लक्ष देत न्हाई वाटतं." मी चहाचा ट्रे खाली ठेवला. काय बोलायचं ते सगळं ओठांवर आलं होतं.

पण माझ्या आधी सासूबाई बोलल्या. भिंतीला टेकून, डोळे मिटून बसल्या होत्या, तशाच. "तिची माय दोन येळा घासती. दात जन्माचेच तसे हायत. त्यात सुनंचा काई दोष न्हाई." मग डोळे उघडून म्हणाल्या, "चहा घ्या. गार व्हायलाय."

पाहुणीनं कप उचलला. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. एवढ्या एका वाक्यासाठी मी अनूच्या पहिल्या दातापासून थांबले होते. आणि ते बोललं गेलं तेव्हा फुई ऐकायला नव्हती. याचा राग कुणावर काढावा, ते मला अजून कळलेलं नाही.